तांबूस पाण्याची साक्ष

१

रविवारी सकाळी साडेसातला तलाव सांभाळणाऱ्या निवळीने मास्तरांच्या तलावात क्लोरीन टाकलं आणि आठ वाजता त्या तलावाचा बिनदुधाचा चहा झाला.

राईचा पर्वत करायची मला सवय आहे, असं आमच्या वहिनी म्हणतात. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घरामागचा तो पोहण्याचा तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, तळाला निळी फरशी. आदल्याच रविवारी मी तिथे बसलो होतो, तेव्हा सहा फूट खोल टोकाला पडलेल्या पानाच्या शिरासुद्धा मोजता येत होत्या. आता पाण्यातली पहिली पायरी दिसत होती, दुसरी नव्हती. पांढऱ्या पायऱ्यांवर तांबूस थर धरायला लागला होता.

मास्तर म्हणजे पोहण्याचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या तलावावर पोरं पोहायला शिकवली. आठ वर्षांचा असताना मला त्यांनी मानगुटीला धरून पाण्यात सोडलं आणि म्हणाले, "आता तुझं तू बघ." मी बघितलं, म्हणून आज हे सांगायला आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे हा तलाव बांधला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जमिनीवर दोघांनी धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. पण उथळ टोकाच्या कमरेइतक्या पाण्यात उतरवलं की शरीर हलकं होतं आणि मास्तर एकटे चालतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांची बारा पावलं. सहा महिन्यांत नवावर आले होते. डॉक्टर म्हणाले होते की बारा झाली तर पुढे जमिनीवरची आशा धरायला हरकत नाही. उरलेली तीन पावलं हा या गोष्टीचा जीव आहे, एवढं लक्षात ठेवा.

मास्तरांची लेक एका शाळेची मुख्याध्यापिका. घरातही बोलते ती प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांपुढे बोलल्यासारखी. तिने मला फोन केला तेव्हा तिचा निकाल लागून गेला होता.

"काका, निवळीकाकांनी काहीतरी भलतंच टाकलंय पाण्यात. आज संध्याकाळपासून त्यांचं काम बंद. आणि उद्या मी माती भरून हा तलावच बुजवून टाकते. बाबांना असल्या पाण्यात मी उतरवणार नाही."

मी तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब, मी वहिनींना घेऊन येतो.

२

वहिनींबद्दल थोडं सांगायला हवं. एकतीस वर्षं त्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होत्या. सबंध शहर सकाळी नळ सोडतं आणि विचार न करता पाणी पितं, ते त्यांच्या जिवावर. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि रागावल्या की आवाज चढत नाही तर उतरतो. मी नकाशे काढायच्या कचेरीत जन्म घालवला. माझं म्हणणं, कुठलीही गोष्ट वरून पाहिली की कळते. त्यांचं म्हणणं, तळातून पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. दीर-भावजयीचा हा वाद तीस वर्षं चालू आहे आणि सगळे डाव त्यांनीच जिंकलेत. मी नुसता त्यांची गाडी चालवतो.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे तलावाभोवती उभे होते. मास्तर चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पंचा. लेक हाताची घडी घालून. तिचा नवरा, म्हणजे घरचा जावई, मागे खांबाला टेकून. हा भला माणूस घरी बसून कॉम्प्युटरवर हिशेबनिसाचं काम करतो. माशांच्या या घरात राहून कोरडा राहिलेला हा एकटाच. पाण्यात या म्हटलं की कधी त्याला सर्दी असते, कधी कान दुखतो, कधी नुकतंच जेवण झालेलं असतं. आम्ही त्यावरून त्याची थट्टा करत आलो आहोत.

आणि निवळी. गढूळ पाण्याच्या माठात निवळीचं बी उगाळलं की पाणी नितळ होतं, त्यावरून मास्तरांनीच ठेवलेलं हे नाव. बारा वर्षं तो हा तलाव सांभाळतो. आज तो जमिनीकडे बघत उभा होता.

वहिनींनी कुणाला काही विचारलं नाही. पायरीवर बसल्या, बोट बुडवलं, वास घेतला. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"भावोजी, तुमच्या सर्दीच्या त्या आंबट गोळ्या द्या."

मला वाटलं, त्यांना शिंका येणार आहेत. मी क जीवनसत्त्वाची गोळी दिली. त्यांनी ती इंचभर पाण्याखालच्या तांबूस पायरीवर धरली, अंगठ्याने दाबली आणि मिनिटभर तशीच ठेवली. हात काढला तेव्हा त्या तांबूस पायरीवर रुपयाएवढा पांढराशुभ्र ठिपका उमटला होता.

"शेवाळ असतं तर गोळीला दाद दिली नसती," त्या म्हणाल्या. "घाण असती तरी नाही. हे लोखंड आहे. गंज."

लेक लगेच निवळीकडे वळली. म्हणजे त्याच्या पावडरीत लोखंडाचा कीस होता तर.

"तसं मी म्हणाले नाही," वहिनींचा आवाज उतरला. "लोखंड पाण्यात विरघळलेलं असलं की दिसत नाही. पेलाभर हातात घेतलंत तरी पाणी काचेसारखं. त्यात क्लोरीन पडलं की त्याचा गंज होतो, आणि मग दिसतं. म्हणजे हे लोखंड निवळीच्या आधीच या पाण्यात येऊन बसलं होतं. क्लोरीनने चोरी केलेली नाही, बाई. त्याने फक्त चोर दाखवला. तुम्ही साक्षीदारालाच बेड्या घालताय."

मी सगळ्यांची तोंडं पाहत होतो, आणि मला वाटलं, एक चेहरा जरा जास्तच पडला.

३

वहिनींनी पहिल्यांदा निवळीला पंपाच्या खोलीत नेलं. मीही गेलो. चोरून ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐकलेलं बरं.

ती खोली पाहून मी थक्क झालो. माझ्या कचेरीत नकाशे इतके नीट लावलेले नव्हते. प्रत्येक नळीवर रंगाचा पट्टा. झडपेच्या मुठीभोवती पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, "गाळा", "धुवा", "बाहेर सोडा". खिळ्याला वही, तिच्यात बारा वर्षांच्या रोजच्या नोंदी, क्लोरीन किती, पीएच किती, पाणी कितव्या फरशीपर्यंत. वहिनी ती वही पोथीसारखी दोन्ही हातांत धरून वाचत होत्या.

"माझ्या हाताखाली एम.एस्सी. झालेली माणसं होती," त्या मला म्हणाल्या. "अशी वही एकानेही ठेवली नाही."

निवळीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, टाकलं मी आणि बिघडलं माझ्याच हातून. ताईंनी काढलं तर तक्रार नाही, पण मास्तरांची तीन पावलं राहिली, ते सहन होत नाही.

मग त्याने जे सांगितलं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी सगळं व्यवस्थित होतं. शनिवार त्याच्या सुट्टीचा. पाला काढायच्या जाळीचा दांडा मोडला होता, म्हणून जाळी जोडून आणायला तो शुक्रवारीच घरी घेऊन गेला. रविवारी सकाळी आला तर पाण्याला किंचित हिरवट झाक. क्लोरीन मोजलं तर जवळजवळ शून्य. शुक्रवारी ते चांगलं दोन होतं, आणि शनिवारी पाण्यात कुणी उतरलेलंही नव्हतं. त्याला वाटलं, शेवाळ धरायला लागलंय. म्हणून रोजच्या चौपट डोस टाकला.

"हिरवं दिसलं की शेवाळ समजायचं आणि मारायचं," वहिनी म्हणाल्या. "ही चूक फक्त काळजी करणारा माणूस करतो. आळशी माणसाला हिरवं दिसलंच नसतं. थोडं लोखंड उरल्यासुरल्या क्लोरीनशी भांडत होतं, त्याची ती झाक होती. तुम्ही चौपट टाकलंत आणि सगळंच उघडं पडलं. आता सांगा, पाण्याची पातळी?"

"जिथल्या तिथे. सातव्या फरशीला टेकलेली."

"आणि ही मूठ?"

निवळीने झडपेकडे पाहिलं. मूठ "गाळा"वर होती. पण त्याने वाकून मुठीखाली बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला की तो मूठ फिरवली की नेहमी खालचा खटका बसवतो. आज सकाळी खटका बसवलेला नव्हता. ते त्याला जाणवलंही होतं, पण मग हिरवी झाक दिसली आणि तो विसरला.

बारा वर्षांत एकदाही न विसरलेला खटका. म्हणजे शनिवारी त्या मुठीला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला होता.

४

माझा संशय एव्हाना शेजारच्या वकिलावर पक्का झाला होता. हा मनुष्य भांडण विकत घेतो. पंपाचा आवाज येतो, झाडाची पानं येतात, मास्तर मोठ्याने मोजतात, सगळ्यांवर त्याच्या तक्रारी. "हा तलाव बंद करून दाखवीन," असं तो चारचौघांत म्हणाला होता.

वहिनी सरळ त्याच्या दारात गेल्या आणि अत्यंत आदराने म्हणाल्या की तुमची सर्वांत ताजी तक्रार वाचायला मिळेल का. त्याला इतकी गुणग्राहक व्यक्ती आयुष्यात भेटली नसावी. त्याने टाइप केलेला कागदच आणून दिला. शनिवारी सकाळी नऊ चाळीसला तलावाच्या मोरीतून गल्लीत पाणी यायला लागलं, ते सव्वाबारापर्यंत आलं, त्याला क्लोरीनचा वास होता आणि तक्रारदाराच्या चपला भिजल्या.

"बघा," परतताना वहिनी म्हणाल्या, "तक्रार करणाऱ्याइतकं बारीक लक्ष प्रेम करणाऱ्याचंही नसतं. अडीच तास पाणी बाहेर जात होतं, भावोजी. निम्म्याहून जास्त तलाव."

"पण पातळी तर जिथल्या तिथे."

"तेच तर."

मग त्या मास्तरांपाशी बसल्या. झटक्यानंतर मास्तर दोन-दोन शब्दांत बोलतात, आणि लोकांना धीर नसतो, म्हणून त्यांचं वाक्य दुसराच कुणीतरी पुरं करतो. वहिनी तशा बसून राहिल्या. मास्तर म्हणाले, "सकाळी... पाय सोडला. पाणी... गार. माझं... नव्हे."

लेक मागून म्हणाली की बाबांना हल्ली गार-गरम नीट कळत नाही, उजवी बाजू सुन्न आहे.

"त्यांनी डावा पाय सोडला असेल," वहिनी म्हणाल्या.

मास्तर हसले. अर्ध्या तोंडाने, पण अख्खे हसले. चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाने रंग बदलायच्या आधी ओळखलं होतं की हे पाणी परकं आहे, आणि घरात कुणी त्यांचं ऐकलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मीसुद्धा त्यांची वाक्यं पुरी करतो.

उठताना वहिनींची नजर भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला मास्तरांचं चावीचं स्टॉपवॉच लटकत होतं. आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने त्या घड्याळाची टिकटिक ऐकत दम धरलेला आहे. वेळ मोजून झाली की मास्तर काटा शून्यावर आणत आणि मगच घड्याळ टांगत. हा त्यांचा कुळाचार होता.

आज काटा त्रेचाळीसवर होता. आणि काचेला आतून दव धरलं होतं.

५

दुपारी वहिनींनी दोन पांढऱ्या बादल्या मागवल्या. एकीत नळाचं पाणी घेतलं, दुसरीत बागेतल्या बोअरचं. बोअर फक्त झाडांसाठी होती. तिच्या तोटीखालच्या फरशीवर तांबडी जीभ उमटलेली होती, ती आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती आणि कुणीच पाहिली नव्हती.

दोन्ही बादल्या सारख्याच स्वच्छ. वहिनींनी दोन्हींत चिमूट-चिमूट क्लोरीन टाकलं आणि काठीने ढवळलं. नळाचं पाणी तसंच राहिलं. बोअरचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत पिवळं झालं, मग तांबूस, मग तलावासारखं.

"शनिवारी कुणीतरी तलाव निम्मा रिकामा केला," वहिनी म्हणाल्या, "आणि बोअरच्या पाण्याने परत सातव्या फरशीपर्यंत भरला. नळाला पाणी सकाळी तासभर येतं, ते पुरलं नसतं. जमिनीखालचं पाणी उन्हात तापलेल्या पाण्यापेक्षा गार, म्हणून मास्तरांना परकं वाटलं. त्यात क्लोरीन नाही, म्हणून निवळीचं माप शून्यावर आलं. निवळीने कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

लेक निवळीकडे पाहत राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात माझं डोकं चालू होतं. बोअरचं बटण घराच्या आत, जिन्याखाली. शनिवारी मास्तरांना तपासणीला नेलं होतं. लेक आणि मास्तर आठला निघाले, सहाला परतले. निवळी सुट्टीवर. वकील कुंपणापलीकडे चपला वाळवत. घरी राहिला होता एकच माणूस, कामाचं कारण सांगून.

मी वहिनींना बाजूला घेऊन कुजबुजलो की जावयाने केलं. त्याला हा तलाव नकोच आहे, कधी पाय ओला करत नाही. सासऱ्याचा तलाव बुजवून तिथे त्याला खोल्या काढायच्या असतील.

"तुम्ही वरून बघितलंत," वहिनी म्हणाल्या. "ज्याला नासवायचं आहे तो एवढं पाणी परत भरत बसेल? तेही मोजून, फरशी बघून? भावोजी, आता खालून बघा. पाणी कमी का करावं लागलं?"

उत्तरही त्यांनीच दिलं, "तळाशी काहीतरी पडलं म्हणून. जाळी निवळीच्या घरी होती. लेकीची वस्तू पडली असती तर तिने सूर मारून काढली असती. निवळीनेही. पोहणारा माणूस बुडी मारतो. पाणी कमी कोण करतो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर्दी, कान, नुकतंच झालेलं जेवण. अकरा वर्षं आम्ही ज्यावर हसत होतो ती थट्टा नव्हतीच.

"चला," वहिनी म्हणाल्या, "त्याला सगळ्यांसमोर विचारायचं नाही."

६

पंपाच्या खोलीत जावई आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. वहिनींनी त्याला निवळीच्या स्टुलावर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"त्रेचाळीस सेकंद कुणाचे?"

त्याची नजर झडपेच्या मुठीवरच्या अक्षरांवर गेली. मग सगळं बाहेर आलं. लग्नाआधी बायकोने विचारलं होतं, पोहता येतं ना? ती तेव्हा पदकं जिंकत होती. तो प्रेमात होता, हो म्हणून बसला. एक हो अकरा वर्षं पुरला. मास्तर आजारी पडले तसं त्याला ते टोचायला लागलं. रोज सकाळी बायको आणि निवळी मास्तरांना पाण्यात उतरवायचे, आणि हा काठावर पंचा धरून उभा. एकदा बायको शाळेच्या कामाने बाहेरगावी गेली, निवळी तापाने पडला, तेव्हा मास्तरांचा आठवडा वाया गेला. घरात धडधाकट माणूस असून. त्या आठवड्यात त्याने ठरवलं. मग शनिवारी-शनिवारी, घरात कुणी नसलं की तो उथळ टोकाला दांडी धरून पाण्यात डोकं बुडवायचा. काठावर मास्तरांचं घड्याळ. कालचा तिसरा शनिवार. त्रेचाळीस सेकंद झाले, कधी नव्हे इतके. वर येऊन त्याने खटका दाबला, आनंदात हात उडवला, आणि कोपर लागून घड्याळ पाण्यात. उताराच्या फरशीवरून घरंगळत थेट सहा फुटांत.

"मला ते दिसत होतं," तो म्हणाला. "निळ्या फरशीवर चमकत होतं. आणि मला तिथे जाता येत नव्हतं. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं त्यांनी त्या घड्याळावर."

मग झडपेवरची अक्षरं वाचून पाणी सोडलं, खोल टोकाला ते मांडीपर्यंत आल्यावर खाली वाकून घड्याळ काढलं, पुसलं, आणि बोअर लावून तलाव भरला. काटा शून्यावर आणायला गेला तर खटका अडकलेला. सकाळी पाणी तांबडं झालं तेव्हा त्यालाही वाटलं की निवळीच्या पावडरीचाच दोष. पाणी ते पाणी, बोअरचं काय नि नळाचं काय. पायरीवर पांढरा ठिपका उमटला तेव्हा त्याला पहिल्यांदा शंका आली, आणि बादली तांबडी झाली तेव्हा खात्री.

"तेव्हा का बोलला नाहीत?" मी जरा कडकच विचारलं.

"बोलणारच होतो," तो म्हणाला. "पण तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडेना."

वहिनींनी चष्मा पुसला. "मी बाहेर काही सांगणार नाही. निवळी सुटला, माझं काम झालं. पण पाणी कुणी बदललं हे तुमची बायको आता विचारणारच, आणि कुंपणापलीकडच्या माणसाचं नाव घेऊन मोकळी होईल. तो माणूस भांडकुदळ आहे, पण निरपराध आहे. चार वाजता आपण चहा घेऊ. तोपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

चार वाजले. चहा आला. लेक म्हणालीच, की हे त्या वकिलाचंच काम, मी आजच पोलिसांत जाते. जावई चहा नुसता ढवळत होता. वहिनी त्याच्याकडे बघतही नव्हत्या. मला वाटलं, नाही बोलायचा हा.

७

तो उठला, भिंतीवरचं घड्याळ काढलं, आणि ते बायकोकडे न नेता मास्तरांच्या डाव्या हातात ठेवलं.

"मास्तर, मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "कधीच येत नव्हतं."

आणि मग बाकीचं सांगितलं, खाली बसून, सगळ्यांसमोर. लेकीचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. तिला शब्द न सापडण्याची त्या एकाच दिवसातली ही दुसरी वेळ. मास्तर घड्याळाकडे बघत होते. काच कानाला लावली, टिकटिक नव्हती. जावयाने मान खाली घातली.

"तिसऱ्या... दिवशी?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"त्रेचाळीस." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा... अकरा."

सगळे हसले. पहिल्या आठवड्यात मी अकरा सेकंदांवर गेलो नव्हतो, हे पन्नास वर्षं त्यांच्या लक्षात होतं. मग त्यांनी घड्याळ जावयाच्या हातात परत दिलं आणि एकच शब्द बोलले. "शिकवतो."

कुणी त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. ते पुरंच होतं.

लेक उठून निवळीपुढे गेली आणि म्हणाली, "काका, चुकले मी." तो इतका गांगरला की त्यानेच तिची माफी मागितली.

पुढचे चार दिवस वहिनी रोज गेल्या आणि त्यांना नेण्याचं काम अर्थात माझं. क्लोरीन पूर्ण बंद. वहिनींनी घरातली जुनी कृत्रिम कापसाची उशी फाडायला लावली आणि तो कापूस पाणी ओढून घेणाऱ्या टोपलीत भरला. दर दोन तासांनी तो विटेसारखा लाल होऊन निघे आणि निवळी नवा भरे. पंप अखंड चालू. तळाशी बसलेला गाळ त्याने मुठीवर "बाहेर सोडा" करून ओढून घेतला, वकिलाला आधी सांगून, त्यामुळे वकील हिरमुसला. कमी पडेल तेवढं पाणी रोज सकाळी नळाचं. पायऱ्या क जीवनसत्त्वाच्या पावडरीने पुसून पांढऱ्या केल्या. शेवटी लोखंडाला धरून ठेवणारं औषध टाकलं, म्हणजे चुकून राहिलेलं लोखंड पुन्हा गंजायला नको, आणि मग क्लोरीन, पण थोडं थोडं, मोजून. वहिनी सांगत आणि निवळी करी, असं पहिल्या दिवशी चाललं. तिसऱ्या दिवशी निवळी सांगत होता आणि वहिनी वहीत लिहीत होत्या. इतक्या वर्षांत कुणापुढे वहिनींना शिष्य होऊन बसलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि त्या किती छान बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी तळाची निळी फरशी पुन्हा दिसली.

मास्तरांना उथळ टोकाच्या या भिंतीपाशी उतरवलं. समोरच्या भिंतीला जावई, दोन्ही हातांनी दांडी धरून, चेहरा पांढराफटक. लेक मास्तरांपासून हातभर अंतरावर. निवळी काठावर. मास्तरांनी हुकूम सोडला, "सोडा." जावयाने दांडी सोडली, तोंड पाण्यात घातलं, पाय उचलले, आणि क्षणभर खरंच तरंगला. मग घाबरला. कमरेइतकं पाणी, उभं राहिलं तरी पुरे, पण घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. हातपाय झाडायला लागला.

लेक झेपावली. मास्तरांनी डावा हात आडवा केला. "थांब," म्हणाले, आणि स्वतः निघाले.

मी जावयाकडे बघत होतो. लेकही. मास्तर तर चालत होते हे विसरलेच होते. त्यांच्यापुढे एक पोर पाण्यात गटांगळ्या खात होतं, आणि तिथे पोचायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं. पोचले, डाव्या हाताने जावयाची मानगूट धरली आणि उभं केलं. जावई खोकत होता. मास्तरांची पाठ समोरच्या भिंतीला टेकली होती.

"बाबा," लेक म्हणाली आणि तिथेच पाण्यात रडायला लागली. वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या. मीही तसलंच काहीतरी करत होतो.

मोजलं होतं फक्त निवळीने. त्याने वही काढली आणि त्या दिवसाची नोंद केली. क्लोरीन दोन. पीएच ठीक. पाणी सातव्या फरशीला. लोखंड नाही. पावलं बारा.